स्पिती : पावसाच्या पाठीमागे

(पडदा काळा. पाण्याचा बारीक आवाज.)

हा आवाज नदीचा नाही. वीतभर रुंदीच्या चरातून वाटाण्याच्या शेतात पाणी चाललंय, त्याचा आहे. या चराला इथे ‘कूल’ म्हणतात. वर डोंगरात बर्फ वितळतं, ते पाणी उतारावरून वळवत वळवत गावापर्यंत आणायचं आणि पाळीपाळीने शेतात सोडायचं. आपल्याकडे पाटाच्या पाण्याची पाळी असते, तशीच. आणि त्यावरून होणारी भांडणंही तशीच.

(उजेड. खोऱ्याचं दूरचं दृश्य. करडे डोंगर, तळाशी हिरवी पट्टी.)

हे स्पितीचं खोरं. हिमाचल प्रदेशातल्या लाहौल-स्पिती जिल्ह्यातलं, तिबेटच्या हद्दीला लागून असलेलं. घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो आणि माणदेश कोरडा राहतो, हे आपण भूगोलात शिकलो. तेच इथे, फक्त सह्याद्रीच्या जागी हिमालय. ढग पलीकडेच अडतात, रिकामे होतात. स्पितीच्या वाट्याला येतं ते हिवाळ्यातलं बर्फ. वर्षभराची शिल्लक तीच. ज्या वर्षी बर्फ कमी पडतं, त्या वर्षी कूल लवकर आटते.

या प्रवासात मठ दिसतील, तळी दिसतील. पण आम्हाला जागोजागी भेटली ती माती, आणि ती माती जपून ठेवणारा, न पडणारा पाऊस.

(घाटरस्ता. खाली नदी.)

आम्ही सिमल्याहून किन्नौरमार्गे आलो. वेळ जास्त लागतो, पण उंची पायरीपायरीने चढते आणि शरीराला विरळ हवेची सवय होते. मनालीहून एका दमात काझा, हे स्पितीचं मुख्य गाव, गाठणारे पुष्कळजण पहिली रात्र डोकं धरून काढतात. खाब इथे स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून रस्ता वर वळतो, नाकोला पोचतो. बारा हजार फुटांवरचं हे गाव आणि गावातलं लहानसं तळं, काठाला विलोची झाडं. तळ्याचा फोटो सगळे काढतात. आम्हीही काढला.

पुढे सुमदोच्या जवळ एक फाटा ग्यू गावाला जातो. १९७५च्या जानेवारीत किन्नौरला मोठा भूकंप झाला, त्यात इथला एक जुना स्तूप ढासळला. त्यातून बसलेल्या अवस्थेतला एका लामाचा देह समोर आला. सुमारे पाचशे वर्षांचा, कसलाही लेप न लावलेला. केस आणि दात अजून दिसतात. कोरड्या, थंड हवेने तो राखला. आता तो काचेच्या पेटीत आहे. पेटीसमोर सेल्फी घेणारी मंडळी पाहून आम्ही कॅमेरा न काढता बाहेर आलो.

(ताबो. मातीच्या भिंती, बसके घुमट. वाऱ्याचा आवाज.)

ताबो. बाहेरून पाहिलं तर काही विशेष वाटत नाही. मातीच्या पाच-सहा ओबडधोबड इमारती, एखाद्या मोठ्या खळ्यासारखं आवार. हा मठ इसवी सन ९९६ मध्ये बांधला. पश्चिम तिबेटमधल्या गुगे राज्याचा राजा येशे ओ याने. राज्य सांभाळत तो भिक्षू झाला आणि त्याने रिंचेन झांगपोसारख्या तरुणांना शिकायला काश्मीरला धाडलं. रिंचेन झांगपो पुढे लोत्सावा, म्हणजे अनुवादक, म्हणूनच ओळखला गेला. संस्कृत ग्रंथ तिबेटीत आणणारा. एक अख्खा प्रदेश अनुवादकाचं नाव हजार वर्षं आदराने घेतो, हे ऐकून आमच्यातला एक भाषांतरकार जरा जास्तच खूश झाला.

आत चित्रीकरणाला मनाई आहे, ते योग्यच. त्यामुळे इथे तुम्हाला फक्त शब्दांवर भागवावं लागेल.

(पडदा अंधारलेला.)

दार बुटकं. आत काळोख. डोळे सरावेपर्यंत नुसता लोण्याच्या दिव्यांचा वास. मग हळूहळू डोक्याच्या वरच्या पातळीवर, भिंतीतून अर्धवट बाहेर आल्यासारख्या मूर्ती दिसू लागतात. माणसाएवढ्या, मातीच्या, रंगवलेल्या. एक, दोन, पाच... तीसहून अधिक. मध्यभागी चार दिशांना तोंडं असलेला वैरोचन बुद्ध. म्हणजे आपण मंडलाचं, बुद्ध-देवतांच्या विश्वाच्या नकाशाचं, चित्र पाहत नाही, मंडलाच्या आत उभे असतो. मूर्तींच्या खाली भिंतभर चित्रं. एका बाजूला सुधन नावाचा मुलगा ज्ञानाच्या शोधात एका गुरूकडून दुसऱ्या गुरूकडे चाललाय, समोरच्या भिंतीवर बुद्धाचं चरित्र. कापडांवरची नक्षी, चेहऱ्यांची ठेवण, सगळ्यात काश्मीरचा हात दिसतो. काश्मीरमधली त्या काळची देवळं आज भग्न आहेत, भिंतींवरची चित्रं गेली. तो हात बघायचा तर इथे यावं लागतं.

ताबोला ‘हिमालयाचं अजिंठा’ म्हणतात. आपल्याला ऐकायला बरं वाटतं. पण फरक आहे. अजिंठ्याची चित्रंही मातीच्याच गिलाव्यावर आहेत, मात्र त्यांच्या पाठीशी अख्खा कातळ आहे. इथे गिलाव्याच्या पाठीशीही मातीच. कच्च्या विटांची भिंत, वर लाकडं, काटक्या आणि मातीचं धाबं. सांगलीत असतं तर एका पावसाळ्यात बसलं असतं. इथे पाऊस आलाच नाही, म्हणून हजार वर्षं उभं आहे.

आता तो अधूनमधून येतो. धाब्यातून झिरपतो आणि चित्रांवर मातीचे ओघळ उतरतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे या वास्तूची देखभाल आहे. पण धाब्यावर मातीचा थर चढवला की खालच्या भिंतीवरचं ओझं वाढतं, आणि सिमेंट वापरावं तर ते मातीशी जुळत नाही. आवारात बसलेल्या एका वृद्ध लामाला विचारलं, सगळ्यात मोठी भीती कशाची? त्यांनी बोट वर केलं. आभाळ निळंशार होतं.

(कड्यावरचा धनकर. खाली दोन नद्यांचा संगम.)

धनकर ही स्पितीची जुनी राजधानी. नोनो म्हणवणारे इथले सरदार या किल्ल्यावरून कारभार बघायचे. ‘धांग’ म्हणजे कडा, ‘कर’ म्हणजे किल्ला. कडाही मातीचाच म्हणायचा, मुरूम आणि दगडगोट्यांचा. वारा तो कोरत असतो आणि त्याच्या कण्यावर मठ बसलाय. जुन्या खोलीत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात. खाली पिन नदी स्पितीला मिळते. वर तासाभराच्या चढणीवर एक तळं आहे. आमच्यातल्या दोघांनी ती चढण दर वीस पावलांना थांबत पार केली, तोवर एक आजी पाठीवर गवताचा भारा घेऊन दोनदा जाऊन आल्या. जाता-येता हसून ‘जुले’, म्हणजे नमस्कार, म्हणाल्या.

(की मठ. एकावर एक रचलेल्या पांढऱ्या खोल्या.)

आणि हा की मठ. स्पितीच्या बहुतेक जाहिरातींतला फोटो हाच. टेकडीवर खोल्यांचा ढीग. हा आकार कुणी आखलेला नाही. सतराव्या शतकात मंगोलांनी मठ लुटला, १८४१ साली जम्मूच्या डोग्रा सैन्याने नासधूस केली, १९७५चा भूकंप आलाच. प्रत्येक वेळी जे पडलं त्याच्या शेजारी, त्याच्या डोक्यावर नवं बांधलं. इथले प्रमुख लामा रिंचेन झांगपोचाच पुनर्जन्म मानले जातात. तोच आपला अनुवादक.

स्वयंपाकघरात एका लामाने आम्हाला चहा दिला. घरात तुम्ही कितवे, असं विचारलं. दुसरा, म्हणाले. प्रश्नामागे कारण होतं. स्पितीत परंपरेने जमीन थोरल्या मुलाकडे जाते. पाणी जेवढं, तेवढंच शेत. भावाभावांत वाटलं तर कुणाचंच पोट भरणार नाही. म्हणून धाकट्यांची वाट मठाकडे. थोरल्याने घर धरलं की आईवडीलही शेजारच्या लहान घरात राहायला जातात. श्रद्धा आहेच, पण या पांढऱ्या खोल्या कुलीच्या पाण्याचाही हिशेब आहेत. आता मुलं चंदीगडला शिकायला जातात, काझ्यात होमस्टे चालवतात. तो हिशेब बदलतो आहे.

पाण्याचा आणखी एक हिशेब. इथल्या घरात जुना संडास कोरडा असतो. वरच्या मजल्यावर भोक, खाली माती आणि राख. वसंतात तेच खत शेतात. आपण येतो आणि फ्लश मागतो. एका फ्लशला बादलीभर पाणी. आम्हीही पहिल्या रात्री तोंड वाकडं केलं होतं, हे कबूल केलेलं बरं.

(लांग्झा. मोठी बुद्धमूर्ती, मागे बर्फाचं शिखर.)

लांग्झाच्या माळावर पोरं गोल, काळे दगड शोधून आणतात. फोडलं की आत शंखासारखं वेटोळं. हे अमोनाइट, कोट्यवधी वर्षांपूर्वी, हिमालय वर येण्याआधी इथे असलेल्या टेथिस समुद्रातले जीव. चौदा हजार फुटांवर समुद्र! आणि आपल्याला ते अनोळखी नाहीत. तुळशीच्या लग्नात जो शाळिग्राम मांडतो, तो नेपाळमधल्या गंडकीत सापडतो आणि तोही असाच अमोनाइट, याच थरांच्या नात्यातला. इथले दगड मात्र विकत घेऊ नका. जिथले आहेत तिथेच राहू द्या.

जवळच हिक्किमचं पोस्ट ऑफिस, साडेचौदा हजार फुटांच्या आसपास, १९८३ पासून चालू. ‘जगात सर्वांत उंच’ अशा पाट्या या भागात इतक्या आहेत की शेवटी मोजणं सोडलं. पण पत्रं खरोखर जातात. आम्ही टाकलेलं एक पुण्याला सव्वीस दिवसांनी पोचलं.

(कुंझुम खिंड. पताका फडफडतात.)

कुंझुम ला. सुमारे १५,००० फूट. इथे पाणी फुटतं. मागचं स्पितीतून सतलजला, पुढचं चंद्रा नदीतून चिनाबला. वाहनं देवीच्या देवळाला फेरी घालून उतरतात. जून ते ऑक्टोबर एवढाच हा रस्ता उघडा असतो आणि त्यातही खात्री नसते. २०२३च्या जुलैमध्ये बर्फ पडून चंद्रतालला जवळपास तीनशे पर्यटक अडकले होते.

(चंद्रताल. पहाट.)

हे चंद्रताल. चंद्रकोरीच्या आकाराचं, सुमारे चौदा हजार फुटांवरचं. २००५ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आहे. काठावर तंबू ठोकायला बंदी, राहायचं ते दूर. त्यामुळे पहाटे इथे आवाज नाही. पाण्याचा रंग आधी शिसवी, मग हिरवा, ऊन आलं की निळा.

या तळ्याचं पाणी चंद्रा नदीत जातं. तिकडे बारालाचा खिंडीपासून भागा निघते. दोघी तांदी इथे एक होतात आणि तिथून नदीचं नाव चंद्रभागा. खाली मैदानात तीच चिनाब.

आमचा कॅमेरामन सोलापूरकडचा, घरात तीन पिढ्यांची वारी. आपल्या भीमेला पंढरपुरात चंद्रकोरीसारखं वळण म्हणून ती चंद्रभागा. इथे तळंच चंद्रकोर. तो बराच वेळ काठावर बसून होता. मनालीच्या वाटेवर मोबाइलला रेंज आली तसा त्याने आईला फोन लावला. ‘आई, चंद्रभागेच्या उगमाशी जाऊन आलो.’

पलीकडून पहिला प्रश्न आला, ‘मग अंघोळ केलीस का?’

(पडदा काळा. पाण्याचा आवाज.)