वीस ग्रॅमची गोळी, नऊशे किलोचा गवा

[दृश्य: ताडोब्याच्या कडेचं गवताळ मैदान, सकाळ. गव्यांचा कळप चरतोय. एक मोठा नर मान वर करून कॅमेऱ्याकडे बघतो.]

पूर्ण वाढीचा नर गवा. वजन आठशे ते हजार किलो. आपण नऊशे धरू.

आणि ही .३७५ ची गोळी, म्हणजे इंचाच्या .३७५ जाडीची. वजन तीनशे ग्रेन, म्हणजे वीस ग्रॅमला जरा कमीच. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीने १९१२ मध्ये हे काडतूस काढलं. मोठ्या जनावरांसाठी ते आजही जगभर वापरलं जातं. नळीतून सुटताना या गोळीचा वेग सेकंदाला साधारण ७७० मीटर असतो.

सिनेमात गोळी लागली की माणूस चार फूट मागे उडतो. इथे हिशेबच करून बघू. गोळीचं वजन गुणिले वेग, भागिले गव्याचं वजन. सगळी गोळी अंगात अडकली असं मानलं, तरी गव्याला मिळणारा धक्का सेकंदाला पावणेदोन सेंटीमीटरपेक्षाही कमी वेगाचा. एवढ्यात त्याचा खूरसुद्धा हलणार नाही. आणि साधी गोष्ट आहे, गोळीच्या नुसत्या धक्क्याने जनावर कोसळत असतं, तर बंदूक चालवणारासुद्धा तेवढ्याच धक्क्याने मागे पडला असता.

मग एवढं मोठं जनावर मरतं कशाने?

[दृश्य: वर्धा जिल्हा. हरभऱ्याचं रान, धुऱ्यावर बाभळी. दूर रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा कळप.]

हा प्रश्न विदर्भात आज विचारण्याला कारण आहे. इथली हौशी शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने बंद केली. गव्यावर, वाघावर बंदूक रोखणारा आज गुन्हेगार आहे, आणि ते योग्यच आहे. पण बंदूक रानातून गेली नाही. त्याच कायद्याच्या कलम ११ मध्ये एक वाट ठेवलेली आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणारा रोही किंवा रानडुक्कर मारायची लेखी परवानगी वनविभाग देऊ शकतो. माणसांवर हल्ले करणाऱ्या वाघाबाबतही आदेश निघू शकतो, पण तो राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडून, आणि आधी त्याला पकडता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही, हलवता येत नाही याची खात्री झाल्यावर.

म्हणजे गोळी सुटते. कमी सुटते, पण सुटते. ती नीट लागली नाही तर काय होतं, हे आता कोणी फारसं बोलत नाही. जुन्या शिकाऱ्यांबरोबर त्यांच्या फुशारक्या गेल्या, चांगलं झालं. पण त्यांच्यातल्या जाणत्यांकडे असलेली एक विद्याही त्याबरोबर गेली.

[दृश्य: जनावराच्या छातीचं रेखाचित्र. फुप्फुसं, काळीज, यकृत एकेक रंगत जातात.]

मेंदूला प्राणवायू मिळेनासा झाला की जनावर मरतं. गोळी थेट मेंदूत किंवा मानेच्या मणक्यात लागली तर ते जागीच बसतं. पण मेंदू लहान, डोकं सतत हलतं, आणि नेम दोन बोटं चुकला तर जबडा फुटतो. ते जनावर मग उपाशी, पाण्यावाचून कित्येक दिवसांनी मरतं. म्हणून जाणता माणूस डोक्याच्या नादी लागत नाही. तो छाती बघतो.

काळीज किंवा फुप्फुसं फाटली की रक्तदाब कोसळतो. तरीसुद्धा मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर जनावराला दहा-पंधरा सेकंद मिळतात. तेवढ्यात काळजाला गोळी लागलेलं सांबर शंभर मीटर पळून जातं. बघणाऱ्याला वाटतं, नेम हुकला.

आता ही छाती नेमकी कुठे असते? इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. आडव्या उभ्या जनावराचं काळीज आपल्याला वाटतं त्यापेक्षा खाली आणि पुढे असतं, पुढच्या पायांच्या जवळपास मध्ये. पोटाच्या रेषेपासून वर अंगाचा एक तृतीयांश भाग, आणि पुढच्या पायाची मागची कड, या दोन रेषा जिथे मिळतात ती जागा. थोडं वर गेलं तर फुप्फुस, थोडं खाली गेलं तर काळीज. मागे सरकलं की यकृत, आणखी मागे गेलं की आतडी.

गवा इथे फसवतो. त्याच्या पाठीवर खांद्यापासून निम्म्या पाठीपर्यंत जो उंच कणा दिसतो, ती मणक्यांची वर वाढलेली लांब हाडं आहेत. खरा मणका त्याच्या बराच खाली. तो उंचवटा धरून अंगाची मधली रेषा काढणाऱ्याची गोळी वर जाते. रानडुकराचंही थोडं तसंच. मानेवरचे राठ केस उभे राहिले की जनावर आहे त्यापेक्षा उंच दिसतं. आणि जुन्या नराच्या खांद्यावर जाड, चिवट कातडीचं कवच असतं. ती ढाल त्याला दुसऱ्या नराच्या सुळ्यांपासून वाचवते, हलक्या छऱ्यांपासूनही वाचवते.

मचाणावरून मारायचं तर गणित आणखी बदलतं. वरून येणारी गोळी तिरपी उतरते. तिथे गोळी शिरते कुठे यापेक्षा ती बाहेर कुठून पडेल, याचा विचार आधी करावा लागतो. पाठमोऱ्या तिरक्या जनावराला पलीकडच्या पुढच्या पायाच्या रोखाने मारतात, तेही त्याच कारणाने. कातडीवरचा ठिपका बघून नेम धरणारा चुकतो.

[दृश्य: टेबलावर गोळ्या. एक न वापरलेली, एक पुढून पसरलेली, एक तुकडे झालेली.]

जागा बरोबर साधली, तरी गोळी तिथवर पोचायला हवी. बाहेर तांब्याचं कवच, आत शिसं. टोकाला शिसं उघडं ठेवलं तर ती मऊ टोकाची गोळी. ती मांसात शिरताच पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या सात्यांसारखी, म्हणजे अळंब्यांसारखी पुढून फुलते, आपल्या जाडीच्या जवळपास दुप्पट होते आणि रुंद वाट कापत जाते. कवच टोकापर्यंत बंद ठेवलं तर ती न फुलणारी, सॉलिड. ती खोल जाते, हाड फोडते, पण वाट अरुंद करते.

फुलणाऱ्या गोळीचा बदनाम इतिहास आपल्याच देशातला. कोलकात्याजवळच्या दमदम इथल्या कारखान्यात १८९० च्या दशकात ती लष्करासाठी बनली. १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात अशी गोळी वापरायला बंदी आली. शिकारीत मात्र तीच दयेची मानली जाते, कारण न फुलणारी गोळी हरणातून आरपार जाते आणि ते हरीण तासन्‌तास मरत राहतं. सैनिकासाठी क्रूर ठरलेली वस्तू जनावरासाठी दयाळू, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण शरीरशास्त्राच्या दृष्टीने ते खरं आहे.

अर्थात फुलण्यालाही मर्यादा हवी. पातळ कवचाची, फार वेगवान गोळी गव्याच्या खांद्याच्या हाडावर फुटून तिचे तुकडे होतात आणि जखम वरवरची राहते. अमेरिकेत जॉन नॉस्लर यांनी १९४० च्या दशकात गोळीच्या मध्ये तांब्याचा पडदा घातला. पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत जातो. जुने शिकारी दुनळी रायफलच्या एका नळीत मऊ गोळी, दुसरीत सॉलिड ठेवत. कारण गवा सावध झाला की दुसरी गोळी कोणत्या कोनातून मारावी लागेल, सांगता येत नसे.

गोळी शरीरात शिरते तेव्हा भोवतीचं मांस क्षणभर बाहेर फेकलं जातं आणि परत मिटतं. फुप्फुस लवचीक, ते हा ताण बऱ्यापैकी सोसतं. यकृत लवचीक नाही, ते फाटतं.

[दृश्य: गावातलं घर. भिंतीला टेकवलेली दुनळी बारा बोअर.]

आता गावात या. इथे .३७५ कोणाकडे नाही. परवाना असलेल्या घरात बहुधा बारा बोअरची बंदूक, आणि क्वचित .३१५ ची रायफल. ही .३१५ आपल्याकडे रुजली, कारण .३०३ लष्कराची म्हणून सामान्यांना मना होती. इंग्रजांनीही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात .४५० वर अशीच बंदी घातली होती, बंडखोरांना लष्करी बंदुकांत चालणारी काडतुसं मिळतील या धास्तीने. मग कंपन्यांनी .४७० काढली. गव्यामागे जाणाऱ्या साहेबाच्या हातात कोणती बंदूक असेल, हे असं सरकारच्या भीतीने ठरलं.

परवाना नसलेल्या घरात काय असतं? कधी भरमार. नळीच्या तोंडातून दारू ठासायची, वर शिशाचा गोळा. ती बेकायदा आहे, आणि चालवणाऱ्याच्याच तोंडावर फुटू शकते.

बारा बोअरचं नाव हिशेबातून आलं. नळीत नेमका बसेल असा शिशाचा गोळा घेतला, तर पौंडात असे बारा मावतात. एक गोळा सुमारे ३८ ग्रॅमचा. ऐकायला भारी. पण डुकरासाठी माणूस काढतो ते एलजीचं काडतूस. त्यात मोजके जाड छर्रे, एकेक साडेचार ग्रॅमच्या आसपास. चाळीस मीटरवर त्यांचा घेर मीटरभर पसरतो. डुकराला लागले तर दोन लागतात. एक ढालीत अडकतो, एक पोटात जातो. डुक्कर तुरीत शिरतं आणि दिसेनासं होतं.

एका शेतकऱ्याला विचारलं, परवानगी काढली का? तो म्हणाला, "त्याले मारून आमाले काय भेटते जी? खाता येत नाही, हात लावता येत नाही. हरभरा राहाला पाह्यजे, बस."

बरोबर आहे त्याचं. परवानगीने मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता असते. वनरक्षकासमोर पंचनामा, मग पुरायचं किंवा जाळायचं. रोही दोनशे किलोच्या पुढचा, खड्डा खणायचा कोणी?

माझं मत विचाराल तर, ज्याला जनावराच्या छातीचं चित्र काढता येत नाही, त्याच्या हाती अशी परवानगी देऊ नये. पन्नास मीटरवर, टेकून, ताटलीएवढ्या जागेत पाच गोळ्या. इतकी साधी चाचणी घ्यायला काय हरकत आहे? आणि रात्री तर आणखी एक प्रश्न असतो, नेमाच्या मागे काय आहे? पलीकडच्या शेतात कोणी जागलीला बसलेलं असतं.

[दृश्य: वाळलेल्या पानांवर रक्ताचे थेंब. माग काढणारे वाकून बघतात.]

जखमी जनावराच्या मागे जाणं ही वेगळीच विद्या. रक्त फेसाळ, गुलाबी असेल तर फुप्फुस. गडद, दाट असेल तर यकृत. थेंबात हिरवट चोथा दिसला, वास आला, तर आतडी. अशा वेळी लगेच धावलं तर जनावर उठून आणखी मैलभर जातं. थांबावं लागतं, कधी तासन्‌तास. इंग्रजांच्या काळातल्या मध्य प्रांतातल्या शिकारींत हा माग बहुतेक वेळा गोंड आणि कोरकू माणसांनीच काढला. जखमी वाघामागे गवतात पहिलं पाऊल त्यांचं पडायचं. फोटोत मात्र वाघाच्या डोक्यावर बूट साहेबाचा.

[दृश्य: पशुवैद्यक डार्ट भरतोय. मोठ्या मांडीचं रेखाचित्र.]

वाघाच्या बाबतीत पहिला प्रयत्न डार्टचा, म्हणजे हवेच्या बंदुकीने भुलीच्या औषधाची सुई मारण्याचा. वाघासाठी बहुधा झायलाझीन आणि केटामाइन एकत्र देतात. इथेही जागा महत्त्वाची, पण नियम उलटा. छाती आणि पोट टाळायचं, मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूत सुई बसवायची. हवेचा दाब जास्त झाला तर डार्ट हाड मोडतो. औषध चरबीत गेलं तर वाघ बराच वेळ जागाच राहतो. आणि सगळं बरोबर झालं, तरी तो पडायला कित्येक मिनिटं लागतात. दोन ओळींच्या बातमीत हा वेळ दिसत नाही.

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात माणसं मारल्याचा ठपका असलेली टी-१ वाघीण, अवनी, एका गोळीने मेली. नंतरचा सगळा वाद जखमेवरच झाला. गोळी कोणत्या कोनातून शिरली, वाघीण अंगावर येत होती की तोंड फिरवून होती, मांडीतला डार्ट बंदुकीतून सुटला होता की नंतर हाताने खुपसला होता. उत्तरं साक्षीदारांइतकीच स्नायूंत, हाडांत शोधली गेली.

[दृश्य: शवविच्छेदनाचं टेबल. चिमट्यात पसरलेली गोळी. वजनकाटा.]

म्हणून शवविच्छेदन करणारा डॉक्टर आधी कातडीवरचं भोक मोजतो, मग सळई घालून वाट बघतो, हाडावरच्या चिरा कोणत्या बाजूला फाकल्यात ते टिपतो. शेवटी गोळी बाहेर काढतो. .३१५ ची नवी गोळी २४४ ग्रेन, म्हणजे सोळा ग्रॅमला जरा कमी. काट्यावर बारा ग्रॅम भरली, तर उरलेलं शिसं बारीक कणांत त्या मांसात विखुरलेलं आहे. ते मांस उघड्यावर राहिलं तर गिधाडं खातील, आणि शिसं त्यांच्या रक्तात जाईल. त्यामुळे खड्डा खोल खणायला सांगतात, आणि गोळी कागदाच्या पाकिटात घालून, सही-शिक्का मारून पंचनाम्याला जोडतात.