जेनेचा गिलावा

(ढोल. पहिले काही क्षण निवेदन नाही.)

अजून उजाडलेलं नाही. ढोल रात्रभर वाजतायत आणि गाव झोपलेलं नाही.

पश्चिम आफ्रिकेतला माली देश. बानी नदीच्या पुराच्या सखल प्रदेशातलं जेने गाव. अंधारात समोर जो डोंगराएवढा आकार दिसतोय, ती जेनेची मोठी मशीद. कच्च्या विटांची जगातली सर्वांत मोठी इमारत म्हणून तिचं नाव घेतलं जातं. पूर्वेच्या भिंतीवर तीन मिनार आणि मिनारांच्या टोकांवर शहामृगाची अंडी. पुराचं पाणी पोहोचू नये म्हणून सगळी इमारत सुमारे तीन मीटर उंच चौथऱ्यावर उभी आहे.

आज तिच्या गिलाव्याचा दिवस. पावसाळ्याच्या आधी, वर्षातून एकदा.

(खड्डे. मुलं.)

तयारी कित्येक दिवस आधी सुरू झाली, ती या खड्ड्यांत. नदीकाठची चिकणमाती आणून टाकायची, पाणी सोडायचं, वर भाताचं तूस पसरायचं आणि गारा मुरू द्यायचा. इथे त्याला बान्को म्हणतात. तूस पाण्यात कुजतं, आंबतं आणि माती हळूहळू चिकट, मऊसूत होते. उग्र वास सुटतो. तो तुमच्यापर्यंत पोहोचवायला कॅमेरा कमी पडतो. बारीक गिलाव्यात कधी शिया झाडाच्या बियांचं लोणी घालतात, कधी गोरखचिंचेची पूड.

तुडवायचं काम पोरांचं. त्यांना कुणी कामाला लावत नाही. खड्ड्यात उड्या मारायच्या, लोळायचं, एकमेकांना चिखलात पाडायचं. एरवी ज्यासाठी घरी मार बसेल, ते आज सगळं चालतं. खेळता खेळता गारा एकजीव होतो.

(पहाट. धावणारे तरुण.)

आणि आता ही धाव बघा. टोपल्या भरून गारा घेतलेले तरुण मशिदीकडे पळतायत. मोहल्ल्या-मोहल्ल्यांत चुरस आहे. पाणी आणायचं काम बायकांचं आणि मुलींचं. डोक्यावर बादल्या घेऊन त्यांची रांग अखंड चाललेली असते. त्या पाण्याशिवाय वरचा एकही हात हलत नाही, म्हणून ही रांग आम्ही मुद्दाम पूर्ण ठेवली आहे.

(रांग. निवेदन नाही.)

भिंतीतून बाहेर आलेली ही लाकडं पाहुण्याला शोभेची वाटतात. ती ताडाची आहेत, आपल्याकडच्या ताडाच्याच आफ्रिकी भावंडाची. इथे त्यांना तोरोन म्हणतात. लाकडांच्या या जुड्या इमारत बांधतानाच भिंतीत बसवलेल्या असतात. त्यामुळे परांची बांधावी लागत नाही. शिडीवरून तोरोनवर, तोरोनवरून वरच्या तोरोनवर आणि तिथे बसून हाताच्या पंजानं लिंपायचं. भिंतीची गोलाई डोळ्यांनी मोजलेली नाही. ती तळव्यातून उतरली आहे, आणि ती तशीच दिसते.

खाली मानाच्या जागी बसलेले हे म्हातारे गवंडी. यांच्या संघटनेचं नाव बारे तोन. जेनेत घराण्याचा गवंडी ठरलेला असतो, त्याच्या मागून त्याचा मुलगा. विटा रचण्याची रीत आणि काम करताना पुटपुटायच्या दुआ, दोन्ही उस्तादाकडूनच मिळतात. कुठे गारा पातळ पडला, ते यांना खालून बसल्या जागेवरून दिसतं.

आजची इमारत १९०७ ची. तेव्हा राज्य फ्रेंचांचं होतं, म्हणून तिचं श्रेयही त्यांना देणारे लोक आहेत. पण काम उभं केलं ते इथल्या गवंड्यांनी, त्यांचे प्रमुख इस्माइला त्राओरे यांच्या हाताखाली. हे नाव मोठ्यानं घेतलं गेलं पाहिजे: इस्माइला त्राओरे.

याच जागी पहिली मशीद तेराव्या शतकाच्या सुमारास झाली असं मानतात. राजा कोई कोनबोरो मुसलमान झाला आणि स्वतःचा वाडा पाडून त्यानं ही जागा दिली, अशी परंपरा आहे. १८२८ साली फ्रेंच प्रवासी रने काइए इथे पोहोचला, तेव्हा ती ओस पडली होती आणि आत पाकोळ्यांनी घरटी केली होती. नव्या राज्यकर्त्याला, सेकू आमादूला, ती नको होती. पाडायची गरज पडली नाही. छताच्या पन्हळी बुजवल्या असं सांगतात. पुढचं पावसानं केलं.

माळवदाच्या घरात वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

(पूर्वेची भिंत.)

५ नोव्हेंबर २००९. चोवीस तासांत ७५ मिलिमीटर पाऊस पडला आणि पूर्वेकडच्या दक्षिण मिनाराचा वरचा भाग ढासळला. आगा खान न्यासाच्या मदतीनं तो पुन्हा उभा राहिला. मातीतच.

सिमेंट लावून एकदाची कटकट मिटवा, असा सल्ला देणारे असतात. सिमेंट ओल आत कोंडतं आणि आतली माती कुजते. मातीची भिंत मातीनंच जगते. गावातल्या काही घरांवर आता भाजलेल्या फरशा चढल्या आहेत. घरमालकाला दोष देता येत नाही, कारण तूस महाग झालं आहे आणि दरवर्षी गवंडी बोलावणं परवडत नाही.

जेने १९८८ पासून जागतिक वारसास्थळ आहे. २०१२ पासूनच्या अशांततेमुळे पर्यटक आटले आणि २०१६ मध्ये युनेस्कोनं त्याचं नाव धोक्यातल्या वारशांच्या यादीत घातलं.

(मिनाराचं टोक. एक हात.)

शेवटचा गारा वर पोहोचला. शहामृगाच्या अंड्याखालचा भाग लिंपून झाला. खाली टाळ्या आणि पुन्हा ढोल.

दुपारच्या उन्हात भिंत वाळायला लागते. ओली ती गडद, वाळलेली फिकी. काही तास मशीद दोन रंगांची दिसते. पोरं अंगावरचा चिखल खरवडत पाण्याकडे निघाली आहेत.

(ढोल. पडदा काळा.)