सड्यावरची शिकारी झाडं

(दृश्य: भाद्रपदातला सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. पाऊस नुकताच उघडलाय.)

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की माटोळीचं, गणपतीवर टांगायच्या रानफळा-फुलांच्या चौकटीचं, सामान शोधायला गोव्यातली माणसं रान धुंडाळतात, सडे तुडवतात. पायाखाली जांभळ्या फुलांचा गालिचा असतो. ही सीतेची आसवं. इतकी नाजूक, की ती शिकार करतात हे सांगूनही पटत नाही.

किडे खाणारं झाड म्हटलं की आठवते शाळेच्या पुस्तकातली घटपर्णी. ती गोव्यात रानटी उगवत नाही. भारतात तिची एकच जात, नेपेंथिस खासियाना, आणि तिचं घर मेघालयात: खासी, जैंतिया आणि गारो टेकड्या. गारो लोक तिला मेमांग कोक्सी म्हणतात, भुताची टोपली. तिकडे बाघमाऱ्याला खास तिच्यासाठी राखलेलं अभयारण्य आहे. देशाबाहेर घटपर्णीच्या दुसऱ्या जाती श्रीलंकेत आहेत, मादागास्करात आहेत. सर्वाधिक जाती मात्र बोर्निओ, सुमात्रा आणि फिलिपिन्सच्या रानांत.

घटपर्णीच्या पानाचं टोक लांबून वेलीच्या ताण्यासारखं होतं आणि त्याला घट लटकतो. काठावर मध पाझरतो. काठ पावसानं भिजला की मुंगीचा पाय सटकतो, ती खाली पाचक रसात पडते. तिथल्या निकस मातीत न मिळणारा नायट्रोजन झाड असा मिळवतं.

आपल्या सड्याचंही दुखणं तेच. जांभ्यावर बोटभर माती, तिच्यातला कस पावसानं धुतलेला. सीतेच्या आसवांना तर खरी मुळंच नसतात. ओल्या मातीत त्यांच्या टाचणीच्या डोक्याहून लहान पिशव्या दडलेल्या असतात. एखाद्या सूक्ष्म जीवाचा दाराच्या केसाला धक्का लागला, की सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत तो पाण्यासकट आत ओढला जातो. घटपर्णी भक्ष्याची वाट पाहत बसते. ही झडप घालतात. मला यांचंच नवल जास्त वाटतं.

शेजारी, जमिनीला चिकटून, आणखी एक शिकारी झाड: लालसर दवबिंदू.

पाऊस सरला की हे सगळं वाळून जातं, मातीत बी तेवढं उरतं. मग उन्हाळ्यात सडा पाहणाऱ्याला ती पडीक जमीन वाटते, आणि तिथे चिरेखाण सुरू होते. म्हणून आम्ही हे चित्रण पावसातच करतो.

(दृश्य: भिंगाखाली दवबिंदूचं पान.)

केसांच्या टोकांवरचे हे थेंब दंवाचे नाहीत, चिकाचे आहेत. चिलट आत्ताच बसलंय. पंख अजून हलताहेत.