व्हिसा झाला, तिकीट झालं, सुई राहिली

नमस्कार मंडळी. कसा आहे पाऊस तुमच्याकडं? इकडं बेळगावला टिळकवाडीत सकाळपासून नुसती झड लागलीय, आरपीडी क्रॉसला माझी छत्री उलटी झाली आणि तशीच भिजत स्टुडिओत आलेय, आवाज जरा बसलाय, तेवढं सांभाळून घ्या.

आज मला बोलायचंय ते ज्यांचं पोरगं किंवा पोरगी यंदा लांब शिकायला निघालीय त्यांच्याशी. हॉस्टेलवर राहणार आहे, आणि त्यातही इंग्लंड-अमेरिकेला निघालीय, त्यांनी तर हातातलं काम ठेवून ऐका. तुमच्या घरात आता बॅगा भरायचं चाललं असणार, चटण्या, मेतकूट, प्रेशर कुकर, कुंद्याचे दोन डबे. कुंद्याचं एक सांगते मध्येच, हल्ली साखर फार घालायलेत त्यात, पूर्वीचा कुंदा खाल्ला तर दूध खाल्ल्यासारखं वाटायचं, असो. तर त्या बॅगेच्या यादीत एक गोष्ट वर लिहा, सगळ्यात वर. मेनिंजायटिसची लस. परत सांगते, मेनिंजायटिसची लस.

मेनिंजायटिस म्हंजे मेंदू आणि पाठीच्या कण्यातली ती मुख्य नस, मज्जारज्जू, यांच्याभोवती जे पातळ आवरण असतंय त्याला येणारी सूज. आपण सगळ्यालाच मेंदूज्वर म्हणून मोकळे होतो, खरं त्यात प्रकार पुष्कळ आहेत, डासांमुळं होणारा जपानी मेंदूज्वर वेगळा, त्याची लस वेगळी. आज मी बोलतेय ते मेनिंगोकॉकस नावाच्या जंतूबद्दल. हा जंतू धडधाकट माणसाच्या नाकाघशात गुपचूप राहतो, मोठ्या माणसांत साधारण दहातल्या एकाकडं, आणि कॉलेजच्या वयात त्याहून जास्त जणांकडं. त्यांना काही होत नाही. खरं खोकल्यातून, शिंकेतून, जवळजवळ राहण्यातून तो दुसऱ्याकडं जातो, आणि हो, मुके घेतल्यानं पण, रेडिओवर आहे म्हणून काय लाजायचं त्यात. आता विचार करा, शंभर गावची शंभर पोरं एका हॉस्टेलात येऊन पडली, एका खोलीत गप्पा, एका किचनमध्ये स्वयंपाक, प्रत्येकानं आपापल्या गावचा जंतू आणलेला. म्हणून पहिल्या वर्षाला धोका जास्त.

आणि रोग वाईट आहे हो. सकाळी नुसता ताप आणि रात्री आयसीयू, असा चालतो. चांगले उपचार मिळूनसुद्धा दहातला एक जातो, आणि वाचलेल्यांतल्या काहींना ऐकू येईनासं होतं, काहींची बोटं, पाय कापावे लागतात. होतो क्वचित, हे पण सांगते, उगाच भीती घालायची नाही मला. खरं झाला तर वेळ देत नाही.

बरं, आता माझ्या घरातली गोष्ट सांगते. ही सांगायची म्हणूनच खरं तर आजचा विषय घेतला, लपवायचं काय.

आमचे दादा निपाणीला असतात. त्यांची पोरगी, माझी भाची, बेळगावातच माझ्याकडं राहून इंजिनिअरिंग झाली आणि तिला इंग्लंडला एमएस्सीला ॲडमिशन मिळाली. सप्टेंबरच्या शेवटी कॉलेज सुरू. युनिव्हर्सिटीचा ईमेल आला जूनमध्ये, त्यात व्यवस्थित लिहिलेलं की येण्याआधी अमुक लशी घेऊन या. आता आमचे दादा म्हंजे ईमेल प्रिंट काढून, पंच करून, फाइलला लावणार, वाचणार मात्र नाही. इंग्लंडच्या व्हिसाला टीबीची तपासणी लागते, छातीचा एक्स-रे. त्यासाठी बापलेक रात्रीच्या बसनं बेंगळूरला जाऊन आले. मी फोनवर विचारलं, लशींचं काय झालं? तर म्हणाले, "झालं की गे सगळं, छातीचा फोटो काढला की!" मी पण गप्प बसले. तपासणी वेगळी आणि लस वेगळी, हे त्या दिवशी मला तरी कळायला पाहिजे होतं. टीबीचं सर्टिफिकेट म्हंजे लस नव्हे. ऐकताय ना? टीबीचं सर्टिफिकेट म्हंजे लस नव्हे.

विमान सतरा दिवसांवर आलं तेव्हा पोरीनंच तो ईमेल उघडला. आत्या, म्हणे, ही मेन एसीडब्ल्यूवाय काय भानगड आहे? तीच ही मेनिंजायटिसची लस. आणि एमएमआरचे, म्हंजे गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या लशीचे, दोन डोस मागितलेत. मग शोधा लहानपणचं लशीचं कार्ड. ते सापडलं देवघरातल्या पितळी डब्याखाली. आणि काय कार्ड ते! पोरगी जन्मली आजोळी कोल्हापूरला, त्यामुळं पहिल्या नोंदी मराठीत, मग बाळंतीण निपाणीला आली तर पुढचे सगळे शिक्के कन्नडमध्ये, आणि मागच्या कोऱ्या बाजूला दादांच्या हस्ताक्षरात एका आख्ख्या महिन्याचा दुधाचा हिशोब, एक लिटर, दीड लिटर, खाडा, एक लिटर. आपल्या सीमाभागात कुणाचं कार्ड धड एका भाषेत असतंय ओ? ते एक असो. त्यात गोवराची एक सुई सापडली, एमएमआर कुठंच नाही, आणि मेनिंजायटिस तर नाहीच नाही.

दादा निपाणीत चार मेडिकल दुकानं फिरले, कुणाकडं नाही. बेळगावातल्या आमच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले मागवून देतो, चार दिवस लागतील, तुम्ही घाई करू नका. खरं दादांना कुठला दम. कोल्हापुरात त्यांच्या ओळखीचा केमिस्ट, त्याला फोन केला, त्याच्याकडं एक होती, हे लगेच बसला बसले. चार हजारांच्या वर पैसे मोजले, केमिस्टनं थर्माकोलच्या डब्यात बर्फाची पाकिटं घालून दिली आणि बजावलं, घरी गेल्यावर फ्रीजमध्ये ठेवा. येताना कागलजवळ ट्रॅफिक तुंबलेलं, पाऊस धो धो, घरी पोचायला रात्रीचे साडेनऊ. डबा वहिनींच्या हातात दिला, म्हणाले फ्रीजमध्ये ठेव, आणि पायावर पाणी घ्यायला गेले.

वहिनींनी ठेवली. फ्रीझरमध्ये. खवलेला नारळ एका बाजूला, मटार एका बाजूला, मधे चार हजारांची लस.

दुसऱ्या दिवशी तिघं तवंदी घाट ओलांडून दहा वाजता बेळगावात माझ्या दारात. मी त्यांना घेऊन डॉक्टरांकडं. डॉक्टरांनी डबा उघडला, ती इवलीशी बाटली उजेडात धरली, आणि सहज विचारलं, रात्री कुठं ठेवली होती? आमच्या वहिनी खुर्चीत जरा सरसावून बसल्या. "फ्रीझरमध्ये ओ डॉक्टर, एकदम बर्फात! जरासुद्धा गरम होऊ दिली नाही."

डॉक्टरांनी बाटली टेबलावर ठेवली. काही बोलले नाहीत. पंख्याचा आवाज तेवढा. मग दादा म्हणाले, "आता वितळलीय की ओ, काय होतंय?" तेव्हा डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी आजवर दहा जणांना सांगितलंय. म्हणाले, वहिनी, फ्रीझरमध्ये गेलेलं दही बाहेर काढल्यावर कसं होतं? वहिनी म्हणाल्या, पाणी सुटतंय. मग ते दही परत विरजल्यासारखं घट्ट होतंय काय? नाही. तसंच हे. ही लस 2 ते 8 डिग्रीत ठेवायची, म्हंजे फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, दारात पण नको, तिथं उघडझाप होत असते. गोठलेली लस टोचायची नाही, फेकायची. गोठून वितळलेली बाटली वरून बघितली तर कदाचित अगदी चांगली दिसेल, तरी टोचायची नाही.

दादांचं तोंड बघण्यासारखं झालेलं. वहिनी मला हळूच म्हणाल्या, "वन्सं, गार ठेवा म्हणाले, किती गार ते कुणी सांगितलं काय?" आणि मला विचाराल तर वहिनींचं बरोबरच होतं. केमिस्टनं नुसतं फ्रीज म्हणून सांगितलं, आणि आपल्या अर्ध्या घरांत फ्रीज म्हंजे वरचा बर्फाचा कप्पा. बाईला दोष देणं सोपं असतंय.

डॉक्टरांनी त्याच दिवशी एमएमआरचा पहिला डोस दिला आणि मेनिंजायटिसची मागवली. एमएमआरच्या दोन डोसांत चार आठवड्यांचं अंतर लागतं, त्यामुळं दुसरा डोस तिनं तिकडं जाऊन घेतला. नवी लस त्यांच्याच फ्रीजमध्ये आली, त्यांच्याच फ्रीजमधून दंडात गेली, तेव्हा विमानाला अकरा दिवस उरले होते. लस अंगात काम करायला दहाएक दिवस घेते, म्हंजे अगदी काठावर. पोरीचा हात दोन दिवस दुखला, एका संध्याकाळी अंग कसकसलं, बाकी काही नाही.

या गोष्टीला शेपूट पण आहे. दादांच्या शेजारी, एकाच भिंतीला, एक चाचा राहतात, आदल्या वर्षी हजला जाऊन आलेले. सगळं उरकल्यावर गच्चीवरून हा प्रकार त्यांना सांगितला तर ते म्हणाले, "मला विचारायचं की ओ, ही सुई घेतल्याशिवाय आम्हाला सोडतच नाहीत!" खरंच आहे, हजला ही लस सक्तीची आहे, सौदीत पोचायच्या निदान 10 दिवस आधी घेतल्याचं सर्टिफिकेट लागतं. भिंतीपलीकडं माहितगार माणूस, आणि आम्ही कोल्हापूर-बेळगाव करत बसलो.

वेळ थोडा राहिलाय, कामाचं पटापट सांगते. आपल्याकडं सरकारी लसीकरणात ही लस सगळ्यांना मिळत नाही, त्यामुळं आशाताईंना विचारून उपयोग नाही, खाजगी डॉक्टरांकडं, लहान मुलांच्या डॉक्टरांकडं चौकशी करा, तेच बहुतेक मागवून देतात. या वयात एकच डोस. अमेरिकेला जाणाऱ्यांनी एक बघायचं, सोळाव्या वर्षाच्या आधी घेतलेली असेल तर परत एक घ्यावी लागते, आणि तिथल्या बऱ्याच युनिव्हर्सिटी सर्टिफिकेट मागतात. इंग्लंडमध्ये 25 वर्षं पूर्ण व्हायच्या आत असलेल्या नव्या विद्यार्थ्यांना तिथल्या डॉक्टरकडं फुकट मिळते, खरं पहिल्या आठवड्यातच तर सगळी गर्दी, पार्ट्या, आणि पोरगं डॉक्टरकडं नाव नोंदवणार कधी? इथूनच घेऊन जाऊ दे. व्हिसाचा अर्ज भरला त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. विमानाच्या महिनाभर आधी सुई. आणि लस स्वतः वाहून आणायची नाही, जिथं टोचायची तिथंच मागवायची.

तुम्ही व्हॅक्सिन डेपोवर सकाळी फिरायला जाता ना? मी जाते रोज. त्या जागेला ते नाव का पडलं, विचारा एखाद्या पोराला, मैदानाचं नाव आहे म्हणेल. अहो, इंग्रजांच्या काळात तिथं देवी या रोगावरची लस तयार व्हायची, वासरांच्या अंगावर वाढवून. माझ्या वयाच्यांनी दंड बघा, देवी काढलेल्याची खूण असेल. 1980 साली देवी जगातूनच गेली म्हणून जाहीर झालं, आता ती लस द्यावीच लागत नाही. लस बनवणाऱ्या गावात राहून आम्ही लस मटारात ठेवली, काय बोलायचं. आणि त्या झाडांखाली प्लास्टिकच्या बाटल्या टाकणाऱ्यांना एकदा मला भेटायचंय, तो विषय वेगळा.

एक अजून. या लशीत त्या जंतूचे ए, सी, डब्ल्यू, वाय असे चार प्रकार येतात. बी येत नाही. म्हणून लस घेतली तरी पोरांना लक्षणं माहीत पाहिजेत. जोराचा ताप, डोकं फुटतंय असं दुखणं, मान पुढं वाकवता न येणं, उलटी, उजेड सहन न होणं, हातपाय गार पडणं, बोलण्यात गोंधळ. आणि अंगावर लालजांभळे ठिपके. काचेचा साधा ग्लास त्या ठिपक्यांवर दाबून धरायचा, आरपार बघायचं, दाबल्यावर ठिपके गेले नाहीत तर तडक हॉस्पिटल. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर ते चटकन दिसत नाहीत, तळहात, तळपाय, पापणीची आतली बाजू, तोंडातली टाळू बघायची. आणि ठिपके यायची वाट बघत बसायचं नाही, ते कधी उशिरा येतात, कधी येतच नाहीत. रूममेट तापानं झोपलाय, रात्री प्यायला असेल म्हणून दार लावून घेऊ नका, तासातासाला जाऊन हाक मारा. ज्याला झालाय त्याच्या खोलीतल्यांना पण डॉक्टर अँटिबायोटिक देतात, ते घ्यायचं, मला काही होत नाही म्हणायचं नाही.

परवा भाचीचा व्हिडिओ कॉल होता. तिच्या हॉस्टेलच्या किचनमधल्या फ्रीजवर तिनं मराठीत कागद चिकटवलाय, "आईला दाखवू नये". वहिनींनी वाचला. दोन दिवस बोलत नव्हत्या तिच्याशी, काल बोलल्या म्हणे. बरं, पावणेअकरा झाले, बाजारभाव घेऊन आमचे सहकारी आलेत, कांद्याचं काय चाललंय ते ऐका त्यांच्याकडून. नमस्कार.