काळी घेतली, पांढरी झाली! सारंगखेड्याच्या घोडीचं कोडं

राम राम मंडळी! ही माझ्या मागे उभी आहे ती काजळ. नाव काजळ, आणि अंगावर काळा केस शोधायला बसलात तर संध्याकाळ होईल. हसू नका. माझ्या मामांनी ही घोडी घेतली तेव्हा ती खरंच काळी कुळकुळीत होती. हा बघा तेव्हाचा फोटो. (फोटो दाखवतो.) कपाळावर एक पांढरी टिकली, बाकी सगळी शाई. फोटोतली आणि मागची, दोन्ही एकच घोडी. मधे सोळा वर्षं गेली एवढंच.

मी शहाद्याला ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवतो. जीन्सचा धडा आला की पुस्तकातला वाटाणा बाजूला ठेवतो आणि काजळची गोष्ट सांगतो. पोरांना वाटाण्यापेक्षा घोडी बरी लक्षात राहते.

खान्देशाबाहेरच्या मंडळींसाठी एका दमात सांगतो. सारंगखेडा म्हणजे नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठावरचं गाव. एकमुखी दत्ताचं देऊळ. मार्गशीर्षात दत्तजयंतीला यात्रा भरते आणि यात्रेत घोड्यांचा बाजार. राजस्थान, गुजरात, पंजाब, कुठून कुठून घोडे येतात. थंडीत पहाटे गेलात तर धुकं, शेकोट्या आणि हजार नाकपुड्यांतून निघणारी वाफ. तो वास एकदा नाकात बसला की जात नाही.

२००९ च्या यात्रेत मामा तिथे दोन दिवस फिरले. घोडं पाहण्याची मामांची एक रीत आहे. आधी लांबून चाल बघायची, मग कान. मारवाडी घोड्याचे कान आत वळलेले, टोकं एकमेकांना टेकली पाहिजेत. मग अंगावरचे भोवरे मोजायचे. देवमण, म्हणजे शुभ भोवरा, कुठे आहे, खोडीचा भोवरा आहे का. मग दात, मग चारही टापा उचलून. सगळं पास झालं आणि आठ महिन्यांचं ते शिंगरू घरी आलं.

कानाचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. २०१४ मध्ये एका मारवाडी घोड्याचा पूर्ण जीनोम, म्हणजे जीन्सचा सगळा मजकूर, वाचून झाला. त्यात टीएसएचझेड-१ नावाच्या जीनमध्ये एक बदल सापडला, जो ताडून पाहिलेल्या दुसऱ्या जातींच्या घोड्यांत नव्हता. कानाची टोकं आत वळण्यामागे हा बदल असावा, असा संशोधकांचा कयास आहे. म्हणजे मामा कान बघतात तेव्हा ते त्यांच्या परीनं जीनच वाचत असतात. भोवऱ्यांवर मात्र मी मामांशी वाद घालत नाही. जेवायला त्यांच्याकडेच जायचं असतं.

तर घोडी घरी आली. पहिल्या वर्षी डोळ्यांभोवती चार-दोन पांढरे केस दिसले. मामी म्हणाल्या, धूळ असेल. दुसऱ्या वर्षी तोंड राखाडी झालं. तिसऱ्या वर्षी अंगावर रुपयाएवढे गोल गोल ठिपके. आणि सहाव्या वर्षी, मंडळी, काजळ पांढरी! गल्लीत रोज नवीन निदान. कोणी म्हणे चंदी कमी पडली, कोणी म्हणे नजर लागली, कोणी म्हणे बोअरच्या पाण्यात क्षार आहेत. मामांचा निष्कर्ष वेगळाच: “त्यानी रंग लायेल व्हता!”

पुढच्या यात्रेत मामा त्या व्यापाऱ्याला शोधत गेले. तो सापडला. आणि त्यानं जे उत्तर दिलं ते आमच्या घरात आजही सांगितलं जातं: “दादा, इतकी वर्षं टिकणारा रंग मला कुठं मिळाला असता तर मी घोडे कशाला विकले असते? रंगच विकला असता.”

बरोबर होतं त्याचं. रंग नव्हताच. आणि नजरही नव्हती. काजळ जन्मली तेव्हाच ती पांढरी होणार हे ठरलेलं होतं. बाजारात अशा घोड्याला सब्जा म्हणतात. आता यामागचं यंत्र बघू.

घोड्याच्या प्रत्येक पेशीत सुमारे २७० कोटी अक्षरांचा मजकूर दोन प्रतींत असतो, एक आईकडची, एक बापाकडची. ६४ गुणसूत्रं, म्हणजे ३२ जोड्या. त्यातल्या २५ नंबरच्या जोडीवर एसटीएक्स-१७ नावाचा जीन आहे. २००८ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या टीमनं दाखवलं की सब्जा घोड्यांत या जीनमधला सुमारे ४,६०० अक्षरांचा एक तुकडा जास्तीचा असतो. नवीन काही लिहिलेलं नाही. झेरॉक्सवाल्याकडून एक पान चुकून दोनदा निघावं आणि तसंच बाइंडिंगमध्ये जावं, तसं. आणि गंमत अशी की वेगवेगळ्या जातींच्या सब्जा घोड्यांत चूक तीच आहे, त्याच जागी. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी कुठल्यातरी एका घोड्यात ती झाली आणि माणसाला पांढरा घोडा आवडला म्हणून त्यानं ती जगभर नेली. राजाचा घोडा पांढरा, नवरदेवाचा घोडा पांढरा, देवाचाही पांढरा!

पण एक पान जास्त झालं तर केस पांढरे का व्हावेत? विहिरीवरची मोटर आठवा. लाइट रात्री येते म्हणून कोणी ऑटो स्विच लावतो, तो अडकतो आणि मोटर बंदच होत नाही. सकाळी विहीर कोरडी. केसाच्या मुळाशी रंग बनवणाऱ्या पेशींचा साठा असतो, केस नवीन आला की त्यातून थोड्या पेशी वापरल्या जातात. तो जास्तीचा तुकडा या पेशींचा स्विच चालू ठेवतो, असं संशोधक मानतात. साठा लवकर उपसला जातो. मग नवीन केस येतो तो रंगाशिवाय. म्हणून सब्जा घोडं वयाबरोबर पांढरं होत जातं, एका रात्रीत नाही.

आता कॅमेरा जरा जवळ आणतो. हे बघा, मी काजळच्या मानेवर पाणी ओततोय. थांब गं, थांब. केस भिजले, चिकटले, आणि खाली काय दिसतंय? काळी कातडी! पाटीसारखी. ओठ काळे, नाकपुड्या काळ्या, डोळे काळे. केसाचा रंग गेला, कातडीचा गेलाच नाही.

यात्रेत तापीवर घोडे धुवायला नेतात तेव्हा हेच बघत चला. शेजारी नुकरा उभा असेल तर भिजल्यावर तो गुलाबी दिसेल. नुकरा जन्मापासून पांढरा, कातडी गुलाबी. त्याचा सब्जाशी काही संबंध नाही. जन्मतः पांढऱ्या, गुलाबी घोड्यांचे जगभरात दोन मोठे रस्ते सापडले आहेत. एक, केआयटी जीनमधला बदल, ज्यात रंगाच्या पेशी कातडीपर्यंत पोचतच नाहीत. दुसरा, रंग फिका करणारा क्रीम जीन आईकडून एक आणि बापाकडून एक असा दुहेरी येणं. त्यात डोळे निळसर असतात. दोन्हीकडे कातडी उन्हानं भाजते. आमच्याकडच्या मे महिन्यात नुकऱ्याला दुपारी बाहेर बांधणाऱ्याला खरं तर स्वतःला बांधून ठेवलं पाहिजे.

पांढऱ्यासाठी पांढऱ्याला पांढरं लावायची घाई करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. अमेरिकेतल्या पेंट जातीच्या अबलख, म्हणजे पांढरे चट्टे असलेल्या, घोड्यांत ईडीएनआरबी नावाच्या जीनचा एक बदल आहे. आईबाप दोघांत तो असेल तर चारातलं एक शिंगरू पूर्ण पांढरं जन्मतं, उभं राहतं, दूध पितं, आणि काही दिवसांत पोट फुगून मरतं. कारण रंगाच्या पेशी आणि आतड्यातल्या मज्जापेशी गर्भात एकाच ठिकाणाहून निघतात. एक वाट अडली की दुसरीही अडते. आतड्याला हलवणारं कोणी नसतंच.

परत काजळकडे. मामांनी मला विचारलं, “मग हे घेतानाच ओळखता आलं असतं का?” आलं असतं. तीन ठिकाणी खूण होती.

पहिली म्हणजे आई. सब्जाचं ते जास्तीचं पान एकच मिळालं तरी पुरतं, आईकडून किंवा बापाकडून. आणि ते लपून बसत नाही, आजोबावरून नातवावर उडी मारत नाही. सब्जा शिंगराच्या आईबापांपैकी एक तरी सब्जा असतोच. मी मामांना विचारलं, आई कुठे होती? मामा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, “बाजूले एक धवळी घोडी बांधेल व्हती खरी.” बस! देवमण मोजलं, आईकडे मान वळवली नाही.

दुसरी खूण डोळ्याभोवती. शिंगरू सावलीत घ्या, मोबाइलची टॉर्च तिरपी धरा आणि पापण्यांभोवतीचे केस बघा. तिथे पांढरे केस चष्म्यासारखे गोल दिसले तर पुढचं चित्र ठरलेलं. मामींना दिसलेली ‘धूळ’ ती हीच.

तिसरी खूण ऐकून घोडेवाले माझ्यावर चिडतात. जन्मतःच शाईसारखं काळं असलेलं शिंगरू संशयास्पद धरा. जे पुढे खरोखर काळं राहतं ते बहुतेक वेळा उंदराच्या रंगाचं, मळकट राखाडी जन्मतं आणि पहिली लव झडली की काळं होतं. म्हणजे मळकट दिसतं म्हणून बाजूला ढकललेलं पिल्लू काळं निघायचं आणि लखलखीत काळं म्हणून जास्त पैसे मोजलेलं पांढरं. मामांनी हे ऐकल्यावर चहा अर्धा ठेवला होता.

आता जरा कमी हसण्याचा भाग. गेल्या पावसाळ्यात काजळ गाभण होती. मामा तिला धूत होते, शेपूट उचललं आणि मला फोन केला. मी गेलो. शेपटाच्या खालच्या उघड्या कातडीवर तीन गाठी. करवंदाएवढ्या, काळ्या, चकचकीत, घट्ट. दाबलं तरी घोडी हलली नाही, दुखत नव्हतं. मामांना वाटलं गोचिडी. त्यांनी नखानं काढायचा प्रयत्नही केला होता.

हा मेलॅनोमा. तीच अडकलेली मोटर. केसाच्या मुळाशी साठा संपला, पण कातडीतल्या रंगपेशींचा स्विच चालूच आहे. तिथे त्या वाढत राहतात आणि गाठी होतात. पंधरा वर्षांच्या पुढच्या सब्जा घोड्यांत दहातल्या सात-आठ घोड्यांना या गाठी होतात असं आढळतं. जागा ठरलेल्या: शेपटाखाली, गुदद्वाराभोवती, ओठांवर, कानामागे. बऱ्याच वर्षानुवर्षं हळूहळू वाढतात, काही काही मात्र आत पसरतात. लहान असताना शस्त्रक्रियेनं काढता येतात, द्राक्षाच्या घडासारख्या झाल्या की लीद टाकणंसुद्धा अवघड होतं. म्हणून घोडी धुताना शेपूट उचलून बघायचं, स्केल ठेवून फोटो काढायचा, आणि डॉक्टरांना दाखवायचं. बिब्बा लावायचा नाही. चुना नाही. तेजाबाचं तर नावच नको. आमच्या डॉक्टरांनी दोन गाठी काढल्या, तिसरीवर लक्ष ठेवायला सांगितलंय.

२०२४ मध्ये उप्सालाच्या लोकांनी यात आणखी एक बारकावा उलगडला. काही सब्जा घोडे सहा-सात वर्षांत पांढरे होतात आणि काही म्हातारे झाले तरी ठिपकेदारच राहतात, हे घोडेवाल्यांना माहीत होतंच. आता कारण कळलं. साध्या घोड्याच्या गुणसूत्रावर तो तुकडा एकदा असतो, हळू पिकणाऱ्यात दोनदा, भराभर पिकणाऱ्यात तीनदा. आणि गाठींचा धोका त्या तीनदावाल्यांत. आमची काजळ सहा वर्षांत पांढरी झालेली, त्यामुळे ती कुठल्या रांगेत बसते ते सांगायला नको.

मग तिला लावायचं कोणाला? इथे मामांनी माझं ऐकलं. आईबाप दोघांकडून जास्तीचा मजकूर आला तर शिंगरू लवकर पांढरं होतं आणि गाठींचा त्रासही वाढतो. म्हणून सब्जा नर नको. आणि काजळच्या जोडीतलं एकच गुणसूत्र तसं आहे, दुसरं साधं, हे टेस्ट न करताही आम्हाला माहीत होतं. कसं? तिचं पहिलं शिंगरू कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी. आज नऊ वर्षांचं आहे, दोंडाईच्याकडे दिलंय, अजून कुमैतच. काजळची दोन्ही गुणसूत्रं तशी असती तर प्रत्येक शिंगराला तसं एक गेलंच असतं. त्यामुळे या वेळी कुमैत घोडा लावला. आता छापा की काटा. निम्मी शक्यता.

तीन आठवड्यांपूर्वी काजळ व्याली. घोडी झाली! चला, दाखवतो. ये, इकडे ये. पाय बघा, नुसते बांबू. रंग? काळी. लखलखीत काळी. हो, मलाही तेच आठवलं.

मामा, टॉर्च धरा जरा. तिरपी. डोळ्याच्या बाजूनं… कॅमेऱ्यात येतंय का? पापणीच्या वर, इथे. एक, दोन… हा तिसरा. खालीही आहेत.

मामा माझ्याकडे बघतायत. “मंग आते नाव काय ठेवानं?”

मामी गोठ्याच्या दारातून म्हणाल्या, कापूस.