श्टुटगार्टच्या शेजारीणबाईंशी ओळख कशी वाढवावी?

नमस्कार. पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी श्टुटगार्टला आलेल्या मराठी मंडळींची एक तक्रार वारंवार कानावर येते: शेजारच्या वृद्ध जर्मन बाई जिन्यात भेटल्या की ‘ग्र्यूस गॉट’ (तिकडचा नमस्कार) म्हणतात आणि दार लावून घेतात. जर्मनीत दर पाच माणसांमागे एकाहून अधिक जण ६५ वर्षांपुढचे आहेत आणि त्यांतले कित्येक एकटे राहतात, त्यामुळे असा शेजार तुम्हालाही लाभण्याचा संभव बराच आहे.

सुरुवातीलाच सांगतो, त्यांना आजी म्हणू नका. बेलवर लिहिलेल्या आडनावाआधी ‘फ्राउ’, म्हणजे श्रीमती, लावावे आणि अहो-जाहोच करावे. एकेरीवर यायचे की नाही, हे वयाने मोठे माणूस ठरवते. काही जण ते वर्षानुवर्षे ठरवत नाहीत, पण त्यात रुसण्यासारखे काही नाही.

खरी ओळख होते ती ‘केअरवोखं’च्या निमित्ताने. श्टुटगार्टभोवतीच्या श्वाबेन भागातल्या या प्रथेनुसार इमारतीतल्या बिऱ्हाडांवर आळीपाळीने आठवडाभर जिना झाडण्या-पुसण्याची जबाबदारी येते आणि ज्याचा आठवडा असेल त्याच्या दारावर तशी पाटी टांगली जाते. छोट्या केअरवोखंमध्ये आपल्या मजल्याचा जिना येतो. मोठीमध्ये तळघर, अंगण, दारासमोरचा पदपथ आणि हिवाळ्यात त्यावरचा बर्फही. जिना स्वच्छच दिसतो आहे, ही सबब इथे चालत नाही, कारण शेजारीणबाईंची नजर पायरीच्या मध्यावर नव्हे, कोपऱ्यांवर आणि कठड्याखालच्या पट्टीवर असते.

म्हणून पाटी आली की सरळ त्यांची बेल वाजवावी आणि हे नेमके कसे करतात ते दाखवाल का, असे विचारावे. माझ्या मते मदत देऊ करण्यापेक्षा मदत मागणे केव्हाही चांगले. आयुष्यभर आपले घर आपण सांभाळलेल्या बाईंना परक्या तरुणाने पिशवी उचलू का म्हटले, तर आपले म्हातारपण कोणी बोलून दाखवल्यासारखे वाटते, शिकवायला मात्र त्या लगेच पुढे होतात.

पुढचे काम पार्सले करतात. तुम्ही कामावर असताना आलेले खोके बहुधा त्यांच्याकडेच ठेवले जाते. ते आणायला गेलात की दोन शब्द होतात आणि एखाद्या सप्टेंबरात दुपारच्या कॉफीला, प्लमच्या केकसह, बोलावणेही येते. ठरलेल्या वेळेलाच जा. केकचा डबा घरी आला, तर तो रिकामा परत न करण्याची आपली रीत इथेही शोभते; मात्र साखर चालते का, ते विचारूनच नारळाच्या वड्या द्याव्यात. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी चुकूनही देऊ नयेत, तो अपशकुन मानतात.

ओळख मुरली की त्या आपल्या घराची जादा किल्ली तुमच्याकडे ठेवायला देतील. तेव्हा त्यांच्या मुलाचा किंवा नातलगाचा फोन नंबर मागून घ्यावा. आणीबाणीसाठी ११२ आहेच. बँकेच्या आणि सह्यांच्या कामात मात्र पडू नये, ते घरच्यांनाच करू द्यावे. आणि डिसेंबरात भारतात येणार असाल, तर केअरवोखंचा आठवडा त्यांच्याशी आधीच बदलून घ्या. बर्फाचा तो आठवडा त्या काढतील, परतल्यावर त्यांचा तुम्ही काढा.