मोडलेली डोलकाठी

श्रोतेहो, नमस्कार.

चवथीला सगळं कुटुंब मूळ घरी जमलं की माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीखाली बसून एखादे काका वंशावळ सुरू करतातच. पणजोबांना भाऊ किती, कोणाची शाखा पेडण्याला गेली, कोण काणकोणात राहिला. आज तशीच एक वंशावळ सांगायला बसलो आहे. घराणं मात्र राजाचं आहे, गोव्याच्या कदंबांचं.

आपली मुलं हल्ली कल्पित राज्यांतली सरदार घराणी तोंडपाठ म्हणतात. कोण कोणाचा पुतण्या, कुणाच्या ध्वजावर कुठला प्राणी. मला ते मनापासून आवडतं. पिढ्या लक्षात ठेवायची गोडी लागली की इतिहास परका राहत नाही. आणि अद्भुत हवं असेल तर आपल्या कदंबांकडेही आहे. शंकरानं त्रिपुरासुराला मारलं, घामाचा थेंब कदंबाच्या झाडाखाली पडला, आणि त्यातून तीन डोळ्यांचा, चार हातांचा पुरुष उभा राहिला. तो त्रिलोचन कदंब, घराण्याचा मूळपुरुष. ही झाली कथा. इतिहासात कर्नाटकातल्या बनवासीचे कदंब आधीचे, चौथ्या शतकातल्या मयूरशर्म्याचे. गोव्याचं घराणं पुष्कळ नंतरचं.

त्या घराण्यातली तीनच नावं आज लक्षात ठेवा. आजोबा गुहल्लदेव, मुलगा षष्ठदेव, नातू जयकेशी. पुन्हा सांगतो: गुहल्लदेव, षष्ठदेव, जयकेशी. राजधानी तेव्हा चंद्रपूर, म्हणजे कुशावतीच्या काठचं आपलं चांदर.

आता गोष्ट. गुहल्लदेव सोमनाथाच्या यात्रेला निघाले, समुद्रमार्गानं. सौराष्ट्र म्हणजे केवढी वाट! अर्ध्या वाटेत गलबताची डोलकाठी मोडली. ज्यांच्या घरात कुणी रापणीला किंवा ट्रॉलरवर गेलेलं आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. डोलकाठी गेली म्हणजे शीड गेलं, आणि शीड गेलं की वारा नेईल तिकडे जायचं. राजा असो की खलाशी, पाण्यात दोघे सारखेच. (आपल्याकडे दर्यावर जाणाऱ्या माणसाला अजून हवा तेवढा मान देत नाहीत. मासळी ताटात हवी, पण ती आणणाऱ्याचं नाव विचारायचं नाही, हे मला फार लागतं.)

तर मोडक्या गलबतानं राजाला आसरा घ्यावा लागला तो गोपक बंदरात. गोपक म्हणजे जुवारीच्या काठचं आजचं गोवा वेल्हा. जुनं गोवं नव्हे, ते मांडवीवरचं. ही गफलत शिकलेली माणसंही करतात, म्हणून दोनदा सांगतो: गोपकपट्टण जुवारीवर, जुनं गोवं मांडवीवर. तिथं मदतीला कोण धावलं? मदुमद नावाचा श्रीमंत व्यापारी. ताजी वंशाचा, म्हणजे अरब. परका माणूस, परका धर्म. समोर अडलेला राजा. त्यानं हात दिला. त्या बंदरात त्या दिवशी दोघांत काय बोलणं झालं, हे कुठल्या ताम्रपटात लिहिलेलं नाही. पण मी गोवा वेल्ह्याला जुवारीच्या काठावर उभा राहतो तेव्हा मला ती दोन माणसं दिसतात: एकाचे कपडे खाऱ्या पाण्यानं भिजलेले, दुसरा आपल्या माणसांना हाका मारतो आहे.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती इतक्या वेळा सांगितली नसती. गुहल्लदेव गेले. मदुमदही गेला. आणि 1059 च्या ताम्रपटात, म्हणजे नातू जयकेशी गादीवर असताना, आजोबांची ती मोडलेली डोलकाठी लिहून ठेवलेली सापडते! तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरणं काही सोपं नसतं, एकेक शब्द मोलाचा. त्या मोलाच्या जागेत राजानं आपल्या घराण्याची अडचण कोरली, आणि ती निवारणाऱ्या परक्याचं नावही कोरलं. मदुमदाला नातू होता, छड्डम. राजाच्या नातवानं व्यापाऱ्याच्या नातवाला गोव्याचा कारभार दिला. आजोबांनी आजोबांना वाचवलं, आणि नातवानं नातवाला ओळखलं. जयकेशीच्या काळच्या लेखांत मशिदीचाही उल्लेख आहे, तिथं शब्द आहे ‘मिजिगिती’. तिच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या जहाजांवर कर बसवला होता.

याच जयकेशीनं राजधानी चांदराहून गोपकपट्टणला नेली. लक्षात घ्या, ज्या बंदरानं आजोबांना आसरा दिला, तिथेच नातवानं सिंहासन मांडलं.

पुढच्या पिढ्या भराभर सांगतो, वेळ थोडा आहे. दुसऱ्या जयकेशीला चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्यानं आपली मुलगी मैलालदेवी दिली. त्यांचा मुलगा पेरमाडी, ज्याला शिवचित्त म्हणत, आणि त्याची राणी कमलादेवी. बेळगाव जिल्ह्यातल्या देगावचं कमलनारायणाचं देऊळ तिचं. वंशावळ लिहिताना बायकांची नावं गाळायची खोड आपल्या घरोघरी आहे. कदंबांच्या वंशावळीतून कमलादेवीला गाळा, देगावचं देऊळ कोणाचं सांगणार? तुमच्या घरची वही काढा आणि आज्यांची, पणज्यांची नावं माहेरासकट लिहा.

कुलदैवत सप्तकोटीश्वर. शिवचित्ताच्या सोन्याच्या नाण्यांवर त्या देवाचं नाव आहे आणि सिंह आहे. पोर्तुगिजांनी दिवाडी बेटावरचं मूळ देऊळ पाडलं, देव नार्व्याला आला, आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. राज्य चौदाव्या शतकात बुडालं, पण देवाला जाणारी वाट मोडली नाही.

तो सिंह तुम्ही रोज पाहता. 1980 मध्ये आपलं बस महामंडळ निघालं तेव्हा नाव कदंब ठेवलं आणि चिन्ह त्यांचा सिंह. उद्या मडगाव-पणजी बसमध्ये बसाल तेव्हा आगशीच्या पुढे गोवा वेल्हा लागेल. खिडकीजवळची जागा मिळाली तर शेजारच्या मुलाला एवढंच विचारा: डोलकाठी कोणाची मोडली होती, सांग पाहू?

नमस्कार.